चाक चांगलं होतं म्हणूनच

तक्रारीच्या पत्रात एक वाक्य ठळक केलं होतं: 'आपण पुरवलेली नवीन चाकं सदोष असून त्यामुळे भरलेली ट्रॉली आपोआप सरकून मशीनच्या गार्डवर आदळली.' सोबत फोटो होता. गार्डचा लोखंडी खांब वाकला होता आणि ट्रॉलीच्या कोपऱ्याचा रंग त्याला लागला होता. कोणाला दुखापत झाली नव्हती. पण तिथे उभा असणारा ऑपरेटर थोड्याच वेळापूर्वी बाजूला गेला होता, आणि पत्रातला सगळा राग त्या एका गोष्टीतून आला होता. तो राग मला रास्तच वाटला.

मी औद्योगिक कास्टर, म्हणजे ट्रॉलीखाली बसणारी चाकं, पुरवणाऱ्या कंपनीत अ‍ॅप्लिकेशनचं काम बघते. कुठल्या ट्रॉलीला कुठलं चाक बसेल ते ठरवायचं, बसवल्यावर तक्रार आली तर जागेवर जाऊन बघायचं. बाहेरच्यांना वाटतं, चाक म्हणजे वजन पेललं की झालं. वजनाचं गणित या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे: एकूण वजनाला चारने नाही, तीनने भागायचं. फरशी कधीच पुरती सपाट नसते आणि चारपैकी एक चाक बरेचदा नुसतं टेकलेलं असतं. खरी डोकेफोड त्यापुढे सुरू होते.

या चाकाबद्दल मला अभिमान होता आणि अजूनही आहे. 200 मिलिमीटर व्यासाचं, ओतीव लोखंडी गाभ्यावर पॉलियुरेथेनचा थर चढवलेलं, आत दोन सीलबंद बॉल बेअरिंग. चाक वजनाखाली फिरताना त्याचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुढे गेल्यावर परत फुगतो. दबताना जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी सगळी फुगताना परत मिळत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते, आणि ती भरून काढायला माणसाला ढकलत राहावं लागतं. या थराच्या नव्या मिश्रणात ही गळती खूप कमी होती. आमच्या सपाट चाचणी-फरशीवर, ग्राहकाकडे आधी होती तसल्या रबरी चाकाशेजारी लावून मी स्वतः मोजलं होतं. ढकलण्याचा जोर निम्म्याहून कमी भरला. नवीन उत्पादनाच्या माहितीपत्रकात मार्केटिंगने तोच आकडा सगळ्यात वर, मोठ्या टायपात छापला. आकडा खरा होता.

पत्र आलं तेव्हा आमच्या सेल्सच्या सहकाऱ्याने मी निघायच्या आधीच ग्राहकाला सांगून टाकलं होतं की सगळी चाकं बदलून देऊ. ही सवय मला पटत नाही. काय बिघडलंय ते कळायच्या आत बदलून देणं म्हणजे बिघाड कबूल करणं, आणि शिवाय तीच अडचण दुसऱ्या चाकाखाली लपवणं.

तिथे पोचले तेव्हा सेफ्टी ऑफिसरनी नवीन चाकांच्या सगळ्या ट्रॉल्या थांबवून ठेवल्या होत्या. चाकांखाली लाकडी ठोकळे लावले होते. त्यांचं हे पाऊल अगदी बरोबर होतं. मी आधी चाकांपासूनच सुरुवात केली, कारण आरोप चाकांवर होता. ट्रॉली उचलून प्रत्येक चाक फिरवलं, बेअरिंगचा खेळ पाहिला, चाक धरणाऱ्या फोर्कचे बोल्ट तपासले, ड्युरोमीटर लावून थराचा कडकपणा घेतला. सगळीकडे 92 शोअर ए (रबरासारख्या वस्तूंचा कडकपणा मोजायची मोजपट्टी) च्या आसपास, जसा असायला हवा तसाच. थर कुठे गाभ्यापासून सुटलेला नाही, कुठे सपाट झालेला नाही. हाताने एक झटका दिला की चाक बराच वेळ फिरत राहायचं. मेंटेनन्सचे एक जुने काका शेजारी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, जुनं चाक असं फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबायचं. पण जुनी ट्रॉली कुठेही सोडा, जिथल्या तिथे उभी राहायची."

काकांच्या या बोलण्यानंतर मी चाकं सोडली आणि फरशीकडे वळले.

तो भाग रोज पाण्याने धुतला जातो. मधोमध लोखंडी जाळी घातलेलं गटार आहे. म्हणजे फरशीला उतार असणारच, नाहीतर पाणी जाणार कुठे? डोळ्यांना तो अजिबात दिसत नाही. दोन मीटरची सरळ पट्टी आणि स्पिरिट लेव्हल लावली तर एका टोकाला 20 मिलिमीटरची फट निघाली. म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर, शंभराला एक.

मग ओढून बघायची चाचणी केली. ही मला फार आवडते, कारण तिला साध्या फोर्स गेजखेरीज काही लागत नाही आणि ती खोटं बोलत नाही. ट्रॉली मालासकट 1000 किलो भरेल अशी लादली. ती एकदा चढाच्या दिशेने सावकाश, एकसारख्या वेगाने ओढायची आणि एकदा उताराच्या दिशेने. चढाला चाकाचा विरोध आणि उताराची ओढ दोन्ही आपल्याविरुद्ध असतात. उतरताना उताराची ओढ आपल्या बाजूने येते. दोन आकड्यांची सरासरी काढली की चाकाचा विरोध मिळतो, आणि फरकाचं अर्ध केलं की उताराची ओढ.

नवीन चाकांवर चढाला 18 किलोचा जोर लागला. उताराला जोर लागायचा प्रश्नच नव्हता. ट्रॉली स्वतःच निघाली होती, तिला साधारण 2 किलोने मागे धरून ठेवावं लागत होतं. म्हणजे चाकांचा विरोध 8 आणि उताराची ओढ 10.

काकांनी भंगारात काढलेल्या जुन्या चाकांचा एक संच शोधून आणला. रबराचा थर, आत ग्रीस भरायचं रोलर बेअरिंग, आणि आसाभोवती दोरे आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. साफ न करताच ते बसवायला सांगितले. चढाला 31, उताराला 11. विरोध 21, उताराची ओढ पुन्हा 10. दोन वेगळ्या चाकांवरून काढलेली उताराची ओढ तंतोतंत जुळली, आणि पट्टीने मोजलेल्या शंभराला एक उतारावर हजार किलोची ओढही दहाच किलो यायला हवी. तिन्ही वाटांनी एकच आकडा आला की मन निश्चिंत होतं.

जुन्या चाकांचा विरोध उतारापेक्षा मोठा होता, म्हणून ट्रॉल्या उभ्या राहत होत्या. इतकी वर्षं त्या भागातला ब्रेक म्हणजे ते वाईट रबर आणि ते गुंडाळलेले दोरे होते. ब्रेक म्हणून त्याची कुठे नोंद नव्हती. तो काढला जातोय हेही त्यामुळे कुठे लिहिलं गेलं नाही. आम्ही विरोध 21 वरून 8 वर आणला आणि मधला 10 चा उंबरठा ओलांडला. चाक थोडं कमी चांगलं असतं, विरोध 12 राहिला असता, तर काहीच घडलं नसतं.

दोन किलोची ओढ म्हणजे काहीच नाही असं खोलीतल्या बऱ्याच जणांना वाटलं. मी कागदावर मांडून दाखवलं. हजार किलोच्या ट्रॉलीला एवढ्या ओढीने पहिल्या पाच सेकंदांत जेमतेम एक वीत अंतर कापता येतं. ट्रॉली सोडून पाठ फिरवणाऱ्याला ती हललेली कळणारच नाही. पण दहा सेकंदांत ती मीटरभर जाते, आणि गार्डपर्यंतचे सहा मीटर पार करायला तिला पंचवीसेक सेकंद पुरतात. तेव्हा तिचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असतो, हळू चालणाऱ्या माणसाइतका. या वेगातली हजार किलोची वस्तू एका सेंटिमीटरच्या दबण्यात थांबवायची असेल तर सरासरी हजार-बाराशे किलोचा जोर बसतो. गार्डचा खांब वाकला तो असा. तिथे माणसाची मांडी असती तर काय झालं असतं, ते मला सांगावं लागलं नाही.

सरकली ती एकच ट्रॉली, बाकीच्या तशाच उभ्या होत्या. पत्रात यावरूनच 'एका बॅचमध्ये दोष' असा निष्कर्ष काढला होता. पण बाकीच्या ट्रॉल्यांची फिरती चाकं, म्हणजे फोर्कसकट कुठल्याही दिशेला वळणारी, आडवी वळलेली होती. आडव्या चाकाला आधी स्वतःभोवती वळावं लागतं, मगच ते लोळतं, आणि त्याला सुरुवातीचा जोर बराच जास्त लागतो. सरकलेली ट्रॉली पिवळ्या पट्ट्यांच्या आत, अगदी सरळ रेषेत लावलेली होती. चारही चाकं उताराच्या दिशेत. म्हणजे ज्याने सर्वांत शिस्तीत ट्रॉली लावली त्याचीच ट्रॉली गेली, आणि चौकशीत त्याच्याकडे बोट दाखवायला काही जण तयार होते. ते थांबवता आलं याचं मला समाधान आहे. काका सांगत होते, पूर्वीची माणसं ट्रॉली सोडताना पायाने फिरतं चाक आडवं करून जायची. का, ते कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. ती माणसं गेली, सवयही गेली.

बैठकीत सेफ्टी ऑफिसरचं म्हणणं एकच होतं: जुनी चाकं परत लावा. माझ्याकडे आकडे होते, पण खरं उत्तर त्या ट्रॉल्या ढकलणाऱ्या एका बाईंनी दिलं. त्यांना सुपरवायझरने घटनेबद्दल विचारायला बोलावलं होतं. निघताना त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, चाकं काढू नका. गटाराकडून वर आणताना आता खांद्यात कळ येत नाही." 31 किलो आणि 18 किलो यांतला फरक त्या रोज अंगावर घेत होत्या. सगळे त्या दिशेला 'जड बाजू' म्हणायचे. उतार त्यांच्या खांद्यांना कधीपासून ठाऊक होता, पण 'जड बाजू का आहे' असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

चाकं राहिली. ब्रेक लावायचे ठरले. तेव्हा कळलं की आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये ब्रेकचा पर्याय होता. खरेदी विभागाने 'आधीही ब्रेक नव्हते' म्हणून तो काढला होता. त्यांच्या जागी बसून बघितलं तर ते चुकीचं वाटत नाही. दोन्ही फिरत्या चाकांना टोटल लॉक द्या, असं मी सुचवलं, म्हणजे चाकाचं फिरणं आणि फोर्कचं वळणं दोन्ही एका पायात थांबतं. नुसतं चाक अडलं आणि फोर्क मोकळा राहिला तर ट्रॉलीचं ते टोक बाजूला सरकू शकतं. एकाच चाकाला ब्रेक दिला तर ट्रॉली त्याच्याभोवती गिरकी घेते.

माझं खरं मत मात्र दुसरं होतं. उताराच्या भागातल्या ट्रॉल्यांना हात सोडला की आपोआप लागणारा ब्रेक हवा. पायाचा ब्रेक माणसाच्या लक्षात राहण्यावर चालतो. शिफ्टच्या शेवटच्या तासात, दोन्ही हात भरलेले असताना, पाय प्रत्येक वेळी पेडलवर जाईल असं मी म्हणू शकत नाही. जुनं रबर कोणाच्या आठवणीवर अवलंबून नव्हतं. ग्राहकाने पायाचे ब्रेक आणि भिंतीवर सूचना हा पर्याय निवडला. ती निवड करणाऱ्यांना त्या ट्रॉल्या ढकलायच्या नसतात, हे मी अहवालात लिहिलं नाही, पण ते मला खुपतं.

परत आल्यावर मी आमचा चौकशीचा फॉर्म काढून बसले. त्यात वजन विचारतो, चाकाचा व्यास, प्लेटच्या भोकांमधलं अंतर, तापमान, तेल-पाणी-रसायनं, फरशी काँक्रीटची की टाइलची. उतार कुठेच नाही. मानकंही इथे मदतीला येत नाहीत. आयएसओ 22883 ताशी 4 किलोमीटरपर्यंतच्या औद्योगिक कास्टरसाठी आहे. त्यात चाक भार पेलतं का, अडथळ्यांवरून टिकतं का, ब्रेक असेल तर तो धरतो का, हे तपासलं जातं. ब्रेक नसलेलं चाक किती सहज लोळायला लागलं की धोका होतो, हा प्रश्न चाकाचा एकट्याचा नाहीच, तो चाक आणि फरशीच्या जोडीचा आहे. फरशी बांधणारा चाक बघत नाही, चाक विकणारा फरशी बघत नाही.

फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा, आणि माहितीपत्रकात त्या मोठ्या आकड्याच्या लगेच खाली लिहा, की शंभराला एक एवढ्या उतारावरही ही चाकं ब्रेकशिवाय उभी राहणार नाहीत. एवढंच मी मागितलं. मार्केटिंगचं म्हणणं पडलं की अशा वाक्याने ग्राहक घाबरेल. मला उलट वाटतं. असं वाक्य छापायला धजणाऱ्या पुरवठादाराच्या आकड्यांवर मी जास्त विश्वास ठेवीन. शेवटी ते वाक्य छापलं गेलं, पण मागच्या पानावर, तळाशी. त्या जागी कोणी वाचत नाही हे त्यांनाही माहीत आहे.

आधीच्या छपाईचं माहितीपत्रक आमच्या सगळ्या ग्राहकांकडे गेलं आहे. ज्यांनी ब्रेकशिवाय ही चाकं घेतली त्यांची यादी मी काढली आणि एकेकाला फोन करते आहे. 'तुमच्याकडे उतार आहे का' असं विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येतं. म्हणून आता विचारते, की तो भाग पाण्याने धुता का, आणि ट्रॉली कुठल्या बाजूला ढकलताना जड जाते. या प्रश्नावर पलीकडचा माणूस थांबतो, आणि मग बहुतेक वेळा मागे वळून शॉप फ्लोअरवरच्या कोणालातरी हाक मारतो.