रिफर्बिश्ड लॅपटॉप आणि बायोसचे कुलूप : माझा अनुभव

माझ्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, कळफलकावरची दोन अक्षरे उमटेनाशी झाली आणि त्यातच 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद झाली. प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चालणार नव्हते. मी दिवसभर मराठीत लिहिते, अनुवाद करते. त्यापलीकडे मला लॅपटॉपकडून फारसे काही नको असते. तेव्हा यंत्र रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले, घ्यायचे आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची, हे मी आधीच ठरवले होते. एका मैत्रिणीच्या घरी आठवडाभर मिंटवर काम केलेले असल्याने त्याची धास्ती नव्हती.

मॉडेल निवडायला वेळ लागला नाही. लेनोव्हो कंपनीचे थिंकपॅड टी480 हे 2018 चे मॉडेल आहे, त्याचा कळफलक लिहिणाऱ्या माणसाच्या बोटांना सोसतो, रॅम वाढवता येते, आणि एक बॅटरी आत असून दुसरी बाहेरून बदलता येते. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. या मॉडेलचा 1366 बाय 768 पडदा स्वस्त मिळतो, पण त्यावर लहान टाइपात ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक डोळे ताणून शोधावा लागतो. मराठी लिहिणाऱ्यांनी 1920 बाय 1080 च्या पडद्यासाठी दोन-तीन हजार जास्त लागले तरी द्यावेत. पुण्यातल्या एका दुकानात मला हवे तसे यंत्र 22,500 रुपयांना, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह मिळाले. विंडोज सुरू झाले, पडदा स्वच्छ होता, मी पैसे दिले आणि घरी आले.

घरी पेन ड्राइव्हवर मिंट तयारच होते. लॅपटॉप सुरू होताना एफ12 दाबले की पेन ड्राइव्हवरून सुरू करण्याची यादी यायला हवी; ती येईना. म्हणून एफ1 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जायला गेले, तर काळ्या पडद्यावर कुलपाचे चित्र असलेली एक लहानशी चौकट आली आणि कर्सर तिथेच लुकलुकत राहिला. आधीच्या मालक कंपनीने घातलेला सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचे कुलूप, तसाच ठेवून ते यंत्र मला विकलेले होते.

दुकानात फोन केला. “मॅडम, विंडोज चालतंय ना? मग बायोसमध्ये जाताच कशाला?” हे पहिले उत्तर. हा प्रश्न मला आजही खटकतो. मी घर विकत घेतले आणि एका खोलीची किल्ली जुन्या मालकाकडेच राहिली, तर ‘तुम्हाला त्या खोलीत जायचेच कशाला’ असे कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार-पाच सोपे आकडे सांगितले. तीन वेळा पासवर्ड चुकला की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. मी तेही करून पाहिले. तिसऱ्या दिवशी ‘कॉर्पोरेट लॉट आहे, कंपनीकडून पासवर्ड मागवतो’ असे सांगितले गेले. त्यानंतर इंजिनिअर सोमवारी येणार होता. तो सोमवार आला तेव्हा इंजिनिअर गावाला गेलेला होता.

दरम्यान मी उत्पादक कंपनीची या मॉडेलची पुस्तिका उघडून वाचली. सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनीसुद्धा तो काढून देऊ शकत नाही, मदरबोर्डच बदलावा लागतो, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. हा पासवर्ड बोर्डावरच्या अशा चिपमध्ये राहतो जिला वीज मिळाली नाही तरी काही फरक पडत नाही, त्यामुळे आतला छोटा सेल काढून ठेवल्याने तो जात नाही. हे सगळे मी काउंटरवर उभी राहून सांगितले. तरीही त्यांनी लॅपटॉप चार दिवस ठेवून घेतला, सेल काढला, परत बसवला आणि ‘नाही झालं’ म्हणून माझ्या हातात दिला. वर, चिप नव्याने प्रोग्रॅम करून देण्याचे 3,500 रुपये सांगितले. त्यांच्या मालातला दोष काढण्यासाठी मी पैसे का द्यावेत, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

मी तीन वेळा दुकानात गेले, नऊ वेळा फोन केला आणि एका अनुवादाची मुदत उसन्या यंत्रावर कशीबशी पाळली. शेवटी जे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते ते केले : ईमेल लिहिला. बिलाचा फोटो, कुलपाच्या चौकटीचा फोटो, पुस्तिकेतले ते वाक्य आणि प्रत्येक फोनची तारीख त्यात घातली. ही वस्तू सदोष असल्याने ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मी बदली किंवा परतावा मागत आहे, सात दिवसांत उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, असे लिहिले. दोन दिवसांनी फोन आला, ‘येऊन दुसरा पीस बघून जा.’ खरेदीपासून तो तेविसावा दिवस होता. तोंडी बोलण्यात जे तीन आठवडे हलले नाही, ते लेखी दोन परिच्छेदांनी हलले.

या वेळी मी पेन ड्राइव्ह घेऊनच गेले. आधी एफ1 दाबले. बायोस कोणताही पासवर्ड न विचारता उघडले. मग एफ12 दाबून मिंट न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून चालवले आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा तपासले. बॅटरीची आजची पूर्ण क्षमता मूळ क्षमतेच्या किती आहे, हेही तिथेच पाहता येते. कळफलकाची प्रत्येक कळ दाबली, पण डी आणि जे या दोन कळा शंभर-शंभर वेळा दाबल्या. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या कळफलक-मांडणीत हलन्त डीवर आहे आणि ‘र’ जेवर; ‘दुसऱ्या’ लिहिताना शिफ्टसह जे, मग डी, मग य असा क्रम येतो. इंग्रजी टाइप करणाऱ्याला अडखळणारी डी चालून जाईल, मराठीत त्या कळेवाचून बहुतेक जोडाक्षरे होत नाहीत. दुकानातला मुलगा तासभर शेजारी उभा राहिला, त्याने घाई केली नाही, हे मला नोंदवलेच पाहिजे.

मिंट बसायला अर्धा तासही लागला नाही. मराठी टाइप करण्यासाठी आयबस हा प्रोग्रॅम आणि त्याचे एम17एन पॅकेज घेतले, इनस्क्रिप्ट निवडले, आणि बोटांना नवे काही शिकावे लागले नाही. लिबरऑफिसमध्ये मात्र एक गोष्ट आवर्जून करा. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून तिथे मराठी निवडा. तसे केले नाही तर अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. मराठी निवडताच माझ्या जुन्या लेखातला प्रत्येक ‘ल’ डोळ्यांदेखत आपल्या वळणावर आला, तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा बरे वाटले. विंडोजमधल्या फाइलींत मंगल फॉन्ट होता. तो इथे नसल्याने मी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वापरते आणि त्यामुळे पानांची संख्या थोडी बदलते, एवढे प्रकाशकाला आधी कळवते.

एक राहिले. बिलावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो यंत्राच्या तळाशी असलेल्या नंबराशी तिथेच जुळवून पाहा. माझ्या पहिल्या बिलावर तो नव्हता, आणि बदली देताना ‘हा आमच्याकडचाच कशावरून’ इथपासून सुरुवात झाली होती.