डोक्यातून पळणारी कळ

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ आज भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी हातात तशीच धरून डोळे गच्च मिटले आणि मग डोक्याच्या मागून त्याच बाजूच्या कपाळापर्यंत बोट ओढत म्हणाल्या, "इथून निघते अन् इथं विझते. डाक्टर विचारतो, नेमकं कुठं दुखतं? पळणारं दुखणं दाखवू कुठं?"

काही सेकंदांत डोक्याच्या एकाच बाजूने सरळ किंवा नागमोडी सरकणाऱ्या अशा कळेचे वर्णन स्पेनमधील डॉक्टरांनी २००८ मध्ये 'एपिक्रेनिया फ्यूगॅक्स' या नावाने केले.

मावशींना तेच आहे का, हे मेंदुविकारतज्ज्ञांनीच ठरवावे. पण तपासणीपूर्वीच विरून जाणाऱ्या दुखण्याला आपण 'मनाचे खेळ' म्हणून किती सहज मोकळे होतो! निघाली कुठून, थांबली कुठे, टिकली किती, एवढे तरी केसपेपरवर लिहून घ्यायला काय हरकत आहे?