सबटायटलची वही: ‘थ्रोन ऑफ ब्लड’वर मराठी ट्रॅक चढवताना

मागच्या नोंदीनंतर काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. अकिरा कुरोसावाच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’चे (१९५७, शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’वर बेतलेला जपानी चित्रपट) इंग्रजी सबटायटलचे दोन्ही ट्रॅक डिस्कवरून उतरवून, ओसीआर करून (चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने वाचून), ओळ न् ओळ तपासून झाले. मराठी मजकूर वाशिझू (यातला मॅकबेथ) गादीवर बसतो तिथपर्यंत आलाय. आणि देवनागरी आता टीव्हीवर न मोडता दिसते. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं, त्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी, हाच चित्रपट का? तर क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीच्या आवृत्तीत (डीव्हीडी २००३ची, ब्लू-रे २०१४ची) इंग्रजी सबटायटलचे दोन स्वतंत्र ट्रॅक आहेत. एक लिंडा होगलंड यांचा, दुसरा डोनाल्ड रिची यांचा. होगलंड जपानमध्येच जन्मल्या, तिथल्याच शाळांत शिकल्या. रिची दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गेले आणि कुरोसावावर पुस्तक लिहून बसले. एकाच चित्रपटाची दोन जाणकारांनी केलेली दोन भाषांतरं, रिमोटच्या एका बटणावर बदलता येतात. असं भाग्य फार थोड्या चित्रपटांच्या वाट्याला येतं. मला जपानी येत नाही. माझं मराठी इंग्रजीवरूनच होणार, म्हणजे आधीच एक पायरी लांब. अशा वेळी दोन इंग्रजी साक्षीदार असले तर निदान उलटतपासणी करता येते. जिथे दोघं एकच सांगतात तिथे मी निर्धास्त. जिथे वेगवेगळं सांगतात तिथे समजायचं की मूळ वाक्यात काहीतरी पेच आहे, आणि तिथे घाई करायची नाही.

एरवी डिस्क घेताना आपण काय बघतो? रिस्टोरेशन कुणी केलं, ग्रेन (फिल्मचा दाणा) ठेवलाय की पुसलाय, आवाज मूळ मोनो आहे की नाही. सबटायटलच्या रकान्यात ‘इंग्लिश’ एवढं दिसलं की पुढे सरकतो. त्या एका शब्दाखाली काय काय लपतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे टोमास आल्फ्रेडसनचा स्वीडिश चित्रपट ‘लेट द राइट वन इन’ (२००८). थिएटरात लागला तेव्हा इंग्रजी सबटायटल उत्तम होते. २००९मध्ये अमेरिकेत डिस्क निघाली ती मात्र भलत्याच, सपाट करून टाकलेल्या सबटायटलसह. अर्धा विनोद गायब, संवादांच्या धारा बोथट. चाहत्यांनी दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला, बोंबाबोंब झाली, आणि वितरकाला पुढच्या प्रतींत थिएटरचे सबटायटल घालणं भाग पडलं. जुन्या प्रती बदलून मिळाल्या नाहीत. त्यामुळे सेकंडहँड घेणाऱ्यांनी आजही पाठीवरचा मजकूर वाचून घ्यावा: ‘इंग्लिश’पुढे ‘थिएट्रिकल’ असं छापलेलं असेल तरच ती सुधारलेली प्रत.

दुसरा लपलेला प्रकार म्हणजे डबटायटल. डबिंगसाठी लिहिलेले इंग्रजी संवादच सबटायटल म्हणून चिकटवून द्यायचे. जपानी अॅनिमेशन आणि हाँगकाँगचे मारामारीपट जमवणाऱ्यांना हे नवीन नाही. ओळखायची सोपी खूण: मूळ भाषेत पडद्यावर सगळे गप्प असतात आणि खाली एक वाक्य येऊन जातं. डबिंगवाल्यांनी शांतता भरून काढायला घातलेलं ते वाक्य असतं.

अमेरिकन डीव्हीडी जमवणाऱ्यांसाठी जाता जाता: पाठीवर फक्त ‘क्लोज्ड कॅप्शन’ लिहिलं असेल तर ते सबटायटल नव्हेत. जुन्या टीव्हीच्या सिग्नलमधल्या एकविसाव्या ओळीत भरलेला तो मजकूर एचडीएमआयमधून येतच नाही. नवीन टीव्हीवर तो ट्रॅक नसल्यातच जमा. आणि फ्रान्समध्ये निघालेल्या कित्येक डिस्कवर मूळ आवाज निवडला की फ्रेंच सबटायटल सक्तीने लागतात, रिमोटने बंद होत नाहीत. चित्र कितीही देखणं असो, मी त्या वाटेला जात नाही.

आता उतरवण्याचं काम. डीव्हीडी असो की ब्लू-रे, डिस्कवर सबटायटल अक्षरांच्या रूपात नसतातच, चित्रांच्या रूपात असतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं समजायला सोपं जातं. डीव्हीडीत त्या चित्राला एका वेळी चारच रंग मिळतात, आणि त्यातला एक पारदर्शक पार्श्वभूमीत जातो. उरलेल्या तिघांत अक्षर, कडा आणि कडेचा मऊपणा सगळं भागवायचं. म्हणून डीव्हीडीची अक्षरं मोठ्या पडद्यावर करवतीने कापल्यासारखी दिसतात. ब्लू-रेच्या पीजीएस या सबटायटल-प्रकारात २५६ रंगांचा संच असतो आणि चित्र पूर्ण १९२० बाय १०८०चं. अक्षर गुळगुळीत, सावली मऊ. ओसीआरसाठीही अर्थातच ब्लू-रेचा ट्रॅकच घ्यावा. मी मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने माझ्या डिस्कवरून एमकेव्ही (चित्र, आवाज आणि सबटायटल एकत्र ठेवणारी फाइल) काढली आणि दोन्ही ट्रॅक ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये उघडले. इंग्रजी कॅपिटल आय आणि स्मॉल एल यांची अदलाबदल सोडली तर फारसा त्रास झाला नाही. तिरप्या टाइपातल्या ओळी मात्र हाताने बघाव्या लागल्या. सुरुवातीचं धुक्यातलं समूहगान तिथेच येतं, आणि तिथे चूक राहिली तर सगळ्या चित्रपटाचा सूरच बिघडायचा.

वेळेचा प्रश्न मला आला नाही, कारण चित्र आणि सबटायटल एकाच डिस्कचे. पण गेल्या वेळी एकाने विचारलं होतं की युरोपातल्या डीव्हीडीवरचे सबटायटल ब्लू-रेला लावले तर ते हळूहळू का सरकत जातात. कारण पाल या युरोपातल्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ने पळवतात. ब्लू-रेवर तोच २३.९७६ने चालतो. फरक जेमतेम चार टक्के, पण तासाभरात तो जवळजवळ अडीच मिनिटांवर जातो. सगळे सबटायटल काही सेकंद मागेपुढे ढकलून हे सुटत नाही. सुरुवात जुळते आणि मध्यंतरापर्यंत खुनी आधी कबुली देतो, खून नंतर होतो. सबटायटल एडिटमध्ये फ्रेमरेट बदलायची सोय आहे, तिथे २५ आणि २३.९७६ भरा, संपलं.

मराठीकडे येतो. पहिला अडथळा देवनागरीचा. साधी एसआरटी फाइल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा) यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करून पेनड्राइव्हने टीव्हीला लावली की काय होतं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं असेल. वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरांचे पाय मोडलेले, नाहीतर सरळ रिकामे चौकोन. माझा चाचणीचा शब्द ‘दुसऱ्या’. त्यातला ‘ऱ्या’ नीट आला तर बाकी सगळं येतं. कॉम्प्युटरवर एमपीव्ही आणि नवीन व्हीएलसी या प्लेयरमध्ये तो नीट येतो. टीव्हीच्या आतल्या प्लेयरने मात्र त्याचे तुकडे करून दाखवले: र, खाली टिंब, पाय मोडका, मग या.

उपाय डिस्कवाल्यांचाच वापरला. अक्षरं पाठवायचीच नाहीत, चित्रं पाठवायची. सबटायटल एडिटमधून एसआरटीची ब्लू-रे सुप फाइल (पीजीएस चित्रांची फाइल) निर्यात करता येते. जोडाक्षरं जुळवायचं काम कॉम्प्युटरवरच होतं, प्लेयरकडे जातं ते तयार चित्र. मग एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमने ती सुप फाइल मूळ एमकेव्हीत तिसरा ट्रॅक म्हणून घातली, भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली. सगळ्या टीव्हींचे आतले प्लेयर पीजीएस घेतात असं नाही, पण कोडी हा प्लेयर घेतो, आणि माझ्याकडे कोडीचा डबा आहेच. ‘दुसऱ्या’ दिसला, सणसणीत.

फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ ठेवलाय, सेमीबोल्ड. पूर्ण बोल्डमध्ये काळी कड लावली की ‘ष्ठ’ आणि ‘द्ध’ची पोटं भरून जातात, लांबून नुसता डाग दिसतो. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतात, म्हणून ते सढळ हाताने वाढवलं. त्यामुळे दोन ओळींचा ठोकळा उंच होतो आणि चित्राचा जास्त भाग खातो. हा चित्रपट जुन्या चौकोनी आकाराचा, काळे पट्टे डावी-उजवीकडे. खाली पट्टा नाही, म्हणजे सबटायटल सतत चित्रावरच.

आणि चित्रात आहे धुकं! फुजीच्या उतारावर काळ्या ज्वालामुखी मातीत घेतलेली ती दृश्यं, पांढऱ्यावर पांढरं. वाशिझू आणि त्याचा मित्र मिकी धुक्यात घोडे फेकत हरवतात तेव्हा बराच वेळ कुणी बोलत नाही हे आपलं नशीब. पण बाकी ठिकाणी पांढरी अक्षरं विरघळतात. पिवळं करून बघितलं. वाचायला फक्कड, पण कृष्णधवल चित्रावर ते हळदीच्या डागासारखं नजरेत खुपत राहतं. शेवटी फिकट राखाडी अक्षर, तीन पिक्सेलची काळी कड आणि थोडी मऊ सावली यावर थांबलोय. पीजीएसमध्ये रंगछटा भरपूर असल्याने सावली चांगली उतरते. डीव्हीडीच्या चार रंगांत हे जमलं नसतं.

लांबीचा हिशोब वेगळाच निघाला. नेटफ्लिक्सच्या नियमावलीत इंग्रजीला एका ओळीत ४२ अक्षरं, दोनच ओळी, आणि एक सबटायटल जास्तीत जास्त सात सेकंद असं आहे. देवनागरीत सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘दुसऱ्या’ डोळ्याला तीन अक्षरं, मोजणीत सात. त्यामुळे सेकंदाला किती अक्षरं हा आकडा सारखा लाल होतो आणि त्यावर विसंबता येत नाही. मी ओळीची रुंदी बघतो, आणि आत्याला बसवतो. तिला इंग्रजी सबटायटल झेपत नाहीत, मराठी पेपर मात्र रोज अथपासून इतिपर्यंत. किल्ल्यात एकामागून एक जासूद धापा टाकत लढाईच्या बातम्या आणतात, त्या भागात तिचा पहिला शेरा: “अरे, वाचेस्तोवर पुसलं की!” मग तिथे निम्मा मजकूर कापला. गडाचं नाव आणि तो पडला की टिकला, एवढंच ठेवलं. जासुदाच्या चेहऱ्यावर बाकीचं आहेच. उलट वाशिझूची बायको असाजी बोलते ते इतकं थंड, सावकाश, नोह या जुन्या जपानी नाटकाच्या चालीवर, की तिथे पूर्ण वाक्यं आरामात मावतात.

असाजी नवऱ्याला काय म्हणते यावर दोन संध्याकाळी गेल्या. ‘अहो’ म्हटलं की ती लगेच सदाशिव पेठेत येऊन बसते. ‘तू’ तर शक्यच नाही. ‘आपण’ ठेवलंय. आदरही आहे आणि त्या आदरातला गारठाही. सैनिकांना मात्र मोकळं सोडलंय, आपसात ते ‘लेका’ म्हणतात. ऐतिहासिक मराठी चित्रपटांतलं ‘जी सरकार’ कटाक्षाने टाळलं, नाहीतर वाशिझू पन्हाळ्याचा किल्लेदार वाटायचा. ‘गड’ आणि ‘सरदार’ चालवून घेतलेत, त्यांना माझ्याकडे पर्याय नाही. मॅकबेथ मराठीत यापूर्वी आलेला आहे, शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधून. तो मुद्दाम पुन्हा वाचला नाही. रंगभूमीची लय एकदा कानात बसली की वाक्यं लांबायला लागतात, आणि इथे माझ्याकडे दोन ओळी आणि काही सेकंद.

गाण्यांचं अजून ठरत नाही. जंगलातली ती चरखा फिरवणारी आकृती घोगऱ्या आवाजात गाते, तिथे ओवीसारखं काही करावं असा मोह होतो. केलं तर वाचणाऱ्याचं लक्ष माझ्या यमकाकडे जाणार. सध्या साधं गद्य ठेवलंय, तिरप्या अक्षरात. तेही देवनागरीत फार शोभत नाही, त्यामुळे कदाचित सरळच करीन आणि गाण्याच्या ओळी थोड्या वर सरकवीन.

उरलेलं काम: मेजवानीचा प्रसंग, शेवटचा बाणांचा वर्षाव (तिथे संवाद कमी, त्यामुळे पटकन होईल), आणि मग सुरुवातीपासून एकदा आवाज बंद करून नुसतं वाचत बघणं. फाइल मागू नका. चित्रपट आणि दोन्ही इंग्रजी भाषांतरं हक्काधीन आहेत, हा ट्रॅक माझ्या डिस्कसाठी आणि आत्यासाठी. निर्यातीची माझी सेटिंग्ज मात्र खुशाल घ्या. कुणाकडे पीजीएस घेणारा जुना टीव्ही असेल तर ‘दुसऱ्या’, ‘ष्ठ’ आणि रफार असलेली पाच ओळींची चाचणी फाइल पाठवतो. लावून बघा आणि राखाडी रंग दिवसाउजेडी, पडदे न ओढता वाचता येतो का तेवढं कळवा.