२०० तासांचा हिशेब

फ्लाइंगला गेल्यावर माणसाचं नाव मागे पडतं आणि उड्डाणाच्या तासांचा आकडा पुढे येतो. मेसमध्ये, हँगरबाहेर, घरून आबांच्या फोनवर एकच प्रश्न: "किती झाले?" ४७, ८३, ११२. २०० झाले की सुटलो, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

कमर्शियल पायलट लायसन्सला डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा, २०० तास मागते हे खरं. पण त्या २०० मध्ये खाने पाडलेले असतात. १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्या एकट्याच्या डोक्यावर. त्यातले २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे आपला विमानतळ सोडून लांब जाण्याचे, आणि त्यात एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. रात्रीचे ५ तास. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचे, १०. हे झालं लायसन्सपुरतं. एअरलाइनला इन्स्ट्रुमेंट रेटिंगही लागतं, आणि तिथे १० चे ४० होतात (त्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात), कमांडमधली क्रॉस-कंट्री २० ची ५० होते. मल्टी-इंजिनचे तास वेगळे; आमच्याकडे एका इंजिनवर १८५ अधिक दोन इंजिनांवर १५ असा हिशेब चालायचा. हे आधी नीट मांडून घेतलं नाही, तर १६० तासांवर कळतं की सर्किट मारण्यात, म्हणजे धावपट्टीभोवतीच फिरून उतरण्यात, बरेच तास गेले आणि क्रॉस-कंट्रीला विमान मोकळं नाही.

मी खान्देशात शिकले. एप्रिल-मेमध्ये दुपारी धावपट्टी तव्यासारखी तापायची आणि छोटं सेस्ना हवेत नुसतं आदळायचं, म्हणून पहाटे साडेपाचला रांग. जून ते सप्टेंबर ढगांकडे बघत बसायचं. एका जुलैत माझे सगळे मिळून साडेसहा तास झाले होते.

लांबची क्रॉस-कंट्री मी धुळे–इंदूर–औरंगाबाद–धुळे अशी केली. पण लक्षात राहिली ती त्याआधीची, न झालेली. निघून वीस मिनिटं झाली नाहीत तोच सातपुड्यावर ढग खाली यायला लागले. पुढे उजेडाची एक फट दिसत होती. फटीकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं आणि वळले. लॉगबुकात ४५ मिनिटं, शेऱ्यात "हवामानामुळे परत". मेसमध्ये दोन दिवस चिडवून घेतलं.

लायसन्सच्या अर्जासाठी बेरजा करायला बसले तेव्हा खरी धांदल उडाली. रात्रीचे तास ५ भरेनात. तीनदा केलं, तेच. शेवटी लॉगबुक घेऊन इन्स्ट्रक्टरांकडे गेले. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. १:४५, १:३० आणि ०:५०. खाली माझी बेरीज: ३:२५.

"कशावर केलीस?"

"कॅल्क्युलेटरवर, सर."

"अगं, हे साठचं गणित आहे, शंभरचं नाही!"

खरी बेरीज ४:०५. साध्या कॅल्क्युलेटरवर १.४५, १.३० आणि ०.५० टाकले की ३.२५ येतं, आणि ते इतकं सरळ दिसतं की शंकाच येत नाही. उत्तर २.७५ आलं असतं तर लगेच पकडलं असतं. दर पानावर थोडं थोडं गळत गेलं होतं. रात्रीचे तास पुरून उरले. मात्र सगळी पानं पुन्हा करावी लागली, मेसच्या टेबलावर, दोन रात्री.

लायसन्स हातात आलं आणि मग काहीच झालं नाही. भरती निघेना. या काळाबद्दल कुणी आधी सांगत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत वर्षाची. क्लास वन मेडिकललाही मुदत. नोकरी नाही म्हणून उडणं नाही, पण रेटिंग जिवंत ठेवायचं तर पैसे भरून उडावंच लागतं. आबांनी कर्जाचा हप्ता भरत माझं रिन्यूअल एकदा केलं, काही न बोलता. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

अमेरिकेत शिकणारा एक मित्र म्हणायचा, तुमचं बरंय. तिथे २००९ साली बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० माणसं गेली, त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १५०० तास लागू लागले. आपल्याकडे १५०० लागतात ते एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायच्या लायसन्सला. २०० तासांवर उजव्या सीटवर बसता येतं. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास १५०० च्या वरच होते.

शेवटी बोलावणं आलं. लेखी परीक्षा, संगणकावरच्या चाचण्या, सिम्युलेटर, मुलाखत. मुलाखतीत जेट इंजिनवर विचारतील म्हणून रात्रभर घोकलं होतं. समोरच्या कॅप्टननी लॉगबुक मागितलं, मधूनच उघडलं, पानं उलटली आणि थांबले.

"हे ४५ मिनिटांचं काय?"

फट, नकाशा, वळणं, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, फटीतून का नाही गेलात? म्हटलं, पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, मग इंजिनावर आले. तिथे मी एकदा चुकले.

सव्वादोन महिन्यांनी पत्र आलं. टाइप रेटिंगच्या, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक विमान शिकण्याच्या, आधी नवं लॉगबुक घेतलं. पानांच्या बेरजा आता आधी पेन्सिलीने करते.