कुटाराच्या ढिगामागची बॅटरी

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी कोठ्यात गेले तर आमची चार महिन्यांची कालवड भिंतीला डोकं टेकून उभी. डोळ्यांपुढे हात हलवला, पापणी लवली नाही. दात करकर खात होती, तोंडाला फेस. मला वाटलं पान लागलं, साप चावला. डॉक्टर आले, कोठ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ताई, जुनी बॅटरी पडली आहे का कुठं?"

होती. ट्रॅक्टरची, कुटाराच्या ढिगामागे. खोकं फुटलेलं, आतल्या करड्या पट्ट्या चाटून चाटून ओल्या झालेल्या. शिशाचे क्षार गोडसर लागतात, ढोरं परत परत तिथंच जातात. इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. तिसऱ्या दिवशी कालवड गेली.

तिची माय, तांबडी, ठणठणीत होती. ढेप खायची, दिवसाला ६ लिटर दूध द्यायची. तरी डॉक्टरांनी तिचं रक्त नागपूरला पाठवलं. त्यात शिसं निघालं.

मी हादरले ते इथं. त्याच आठवड्यात डेअरीवर तिच्या दुधाला फॅट ४.१ लागली होती, एसएनएफही, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भागही, चांगलं. ते मशीन फॅट मोजतं, पाण्याची भेसळ पकडतं. शिसं त्याला कळतच नाही. मामंजी म्हणाले, "उकळून घे ना माय, उकळल्यावर काय राह्यते त्यात?" उकळून जंतू मरतात, शिसं तसंच राहतं, दूध आटलं तर उलट दाट होतं. दुधात शिशाची मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे १ ग्रॅम शिसं ५०,००० किलो दुधाला पुरतं. तेवढं दूध द्यायला तांबडीला २२ वर्षं लागतील. आणि एका बॅटरीत शिसं किलोंनी असतं.

आमच्या दुधावर गल्लीतली तीन लेकरं वाढतात. शिसं लेकरांच्या मेंदूवरच जातं.

तीन महिने दोन्ही वेळ धार काढली आणि विहिरीपासून लांब खड्ड्यात ओतली. सासूबाई रडायच्या, लक्ष्मी मातीत घालते म्हणून. दुसऱ्यांदा रक्त तपासलं, डॉक्टरांनी हो म्हटलं, तेव्हाच कॅन डेअरीवर गेली. पुढच्या वेतात पुन्हा तपासायचं आहे, कारण शिसं हाडात दडून बसतं आणि दुधासाठी हाडातलं कॅल्शियम निघालं की त्याच्यासोबत बाहेर येतं.

काल शेजारच्या भाऊंकडे गेले, तर गव्हाणीच्या पायाखाली जुनी बॅटरी टेकण म्हणून लावलेली. त्यांनी ती काढून पोत्यात बांधेपर्यंत मी तिथून हलले नाही.