दादाचा निळा ग्लास

येत्या गणपतीत दादाची दारू सुटून तीन वर्षं होतील. हे इथे लिहू का म्हणून त्याला आधी फोन करून विचारलं, तो म्हणाला लिही की, नाव नको घालूस म्हणजे झालं. म्हणून तो इथे नुसता दादा.

आम्ही नाशिकला राहतो. पाहुणे आले की एक दिवस पंचवटी, काळाराम, एक दिवस त्र्यंबक आणि एक संध्याकाळ कुठल्यातरी वायनरीत हे आता ठरूनच गेलंय. दादा-वहिनी डोंबिवलीहून आले की ती संध्याकाळ आम्ही गुपचूप वगळतो, पण घरच्या गच्चीवर चार माणसं जमली की प्रश्न येतोच. मागच्याच्या मागच्या थर्टी फर्स्टला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, तिथे मोठ्यांचं टेबल वेगळं होतं आणि दादाच्या हातात पोरांच्या क्रेटमधली ऑरेंजची बाटली दिली, स्ट्रॉ घालून. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, दादानेही हसून घेतली, पण दोन घोट घेऊन त्याने ती कठड्यावर ठेवली आणि मग तासभर त्याला हाताचं काय करावं हे कळत नव्हतं, कधी मोबाईल काढ, कधी चकली घे. माझं तिथे लक्षच लागेना. घरी येताना रिक्षात ठरवलं, की माझ्या घरी तरी न पिणाऱ्या माणसासाठी पिणाऱ्यांइतकंच मनापासून काहीतरी करायचं.

आता सरबतं आपल्याकडे काय कमी आहेत का. कोकम आहे, पन्हं आहे, लिंबू तर बारा महिने. सगळी मला आवडतात, पण एक बघा, ती तहानेची पेयं आहेत. उन्हातून आलं, ग्लास तोंडाला लावला, संपवला, गार वाटलं. गप्पा मारत अर्धा-पाऊण तास एक ग्लास पुरवायचा तर त्यात जिभेला थांबवणारं काहीतरी हवं. खूप दिवस हे डोक्यात घोळत होतं आणि एकदा सहा रस मोजताना लक्षात आलं. गोड, आंबट, खारट हे तीन आपल्या सरबतात असतातच. राहिले तिखट, कडू आणि तुरट. हेच तिघं घोट हळू घ्यायला लावतात! दारूतही जिभेला झोंबणारं, कडसर, तोंड कोरडं करणारं हेच असतं ना, फक्त ते दुसऱ्या कशातून येतं. मग मी हे तीन रस बागेतून आणि स्वयंपाकघरातून आणायचं ठरवलं.

फुलांकडे वळले ती गोकर्णामुळे. आमच्या कुंपणावर निळ्या गोकर्णाचा वेल आहे, श्रावणात तर रोज ओंजळभर फुलं निघतात, देवाला वाहून पुन्हा उरतात. याच फुलांचं थायलंडमध्ये सरबत करतात, तिकडे या फुलाला अंचन म्हणतात, आणि त्यात लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेलच. फुलातल्या रंगद्रव्याला आम्ल लागलं की ते रंग बदलतं, जास्त लिंबू घातलं तर गुलाबीकडे जातं, उलट चिमूटभर खायचा सोडा टाकला तर हिरवट होतं. लेकीने तीन वाट्यांत तिन्ही करून खिडकीत मांडले होते.

पण खरं सांगते, गोकर्णाला चव जवळजवळ नाही. रंग पाहून तोंडाला लावलं की नुसतं पाणी. पहिल्या वेळी मला वाटलं जास्त उकळलं की चव उतरेल, चांगली दहा मिनिटं खळाखळा उकळली फुलं, तर रंग मळकट झाला आणि घरभर उकडलेल्या शेंगांसारखा वास. तेव्हा कळलं की गोकर्णाकडून फक्त रंग घ्यायचा, वास आणि चव दुसऱ्याकडून. उकळलेलं पाणी गॅसवरून खाली उतरवायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग फुलं टाकून झाकण, आठ मिनिटांत गाळायचं. पाव लिटर पाण्याला बारा-पंधरा ताजी फुलं, दुहेरी पाकळीची असली तर आठ पुरतात. हिरवा देठ काढून टाका, शेंगांचा वास बराचसा त्याच्यातून येतो.

वासासाठी गवती चहा. आमच्याकडे कुंडीत आहे, नाहीतर भाजीवाल्या मावशींकडे जुडी मिळते. गवती चहाला जो लिंबासारखा वास येतो तो त्याच्या तेलातल्या सिट्रल नावाच्या घटकामुळे, तेच लिंबाच्या सालीतही असतं, म्हणून दोघांचं इतकं जमतं. मी आधी गवती चहा आणि गोकर्ण एकाच पातेल्यात टाकायचे आणि रंग हिरवट-शेवाळी का येतो म्हणून विचार करत बसायचे. गवती चहाचं पाणी पिवळसर असतं, पिवळ्यात निळं मिसळलं की दुसरं काय होणार. आता गवती चहा मी पाकात घालते आणि निळं पाणी वेगळं ठेवते. ही एक गोष्ट सुधारली आणि सगळं सरबतच सुधारलं.

तर पाक असा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, आठ-दहा पाती गवती चहाची गाठ मारून, आणि दोन बोटं आलं, किसून नाही, बत्त्याने ठेचून. साखर विरघळली की मंद गॅसवर पाच मिनिटं, तार वगैरे काही बघायची नाही, मग झाकून पूर्ण गार होईपर्यंत तसंच ठेवायचं आणि गाळून बाटलीत भरायचं. फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात राहतो. आल्याचा तिखटपणा लगेच कळत नाही, घोट गिळल्यावर घशाशी येतो, आणि तिथेच मला तो हवा होता.

कडूसाठी लिंबाची साल. साल सोलताना आतला पांढरा भाग थोडा राहू द्यायचा, एरवी आपण तो टाळतो, इथे मुद्दाम हवाय. बोटभर पट्टी घेऊन ग्लासवर पिळायची, डोळ्यासमोर धरून बघा, सालीतून बारीक तुषार उडतात आणि पाण्यावर तेलाचा तवंग येतो, मग ती पट्टी आतच सोडायची. जितका वेळ ग्लास हातात, तितका कडवटपणा उतरत जातो, म्हणजे शेवटचा घोट पहिल्यासारखा लागत नाही. दुकानात कॉकटेलसाठी बिटर्सच्या, म्हणजे कडू अर्काच्या, छोट्या बाटल्या मिळतात, मी पण एक उचलली होती, पण लेबल वाचलं तर ते अल्कोहोलमध्येच काढलेले असतात. थेंबभरच घालायचे असतात हे मला माहितीय, पण ज्याने सोडलीय त्याच्या ग्लासात थेंबही नको. बाटली तिथेच परत ठेवली. घरी अशा माणसासाठी काही करणार असाल तर लेबलं वाचाच, इसेन्सच्या बाटल्यांचीही.

आणि तुरटपणासाठी साधा कोरा चहा. आपली रोजची पावडर, एक चमचा, अर्धा कप उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, चांगला कडक, गाळून गार. एका ग्लासाला दोन चहाचे चमचे, बस. चहा आहे हे कुणाला ओळखू येत नाही पण जीभ हलकीशी आखडते. दादाने पहिला घोट घेतला तेव्हा तो ग्लासाकडे बघून म्हणाला, "अगं यात काय घातलंयस, थांबून थांबून प्यावंसं वाटतंय." एवढंच ऐकायचं होतं मला.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. हे सगळं जमल्यावर मी त्याला विचारलं होतं, की दादा, असं बर्फाचा ग्लास, वर सोडा, लिंबाची साल, हे तुझ्या हातात दिलं तर तुला त्रास नाही ना होणार, जुनं आठवून. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला की चालेल, फक्त तो देठाचा वाईनचा ग्लास नको. म्हणून आमच्याकडे हे उभ्या साध्या काचेच्या ग्लासात असतं, आणि सगळ्यांना त्याच ग्लासात. तुमच्याकडे कुणी असं असेल तर हौसेने समोर ठेवण्याआधी विचारा बाई, काहींना नुसतं दिसणंही नको असतं आणि त्यांचं बरोबर असतं.

ग्लास भरायचा तो असा. तळाला दोन मोठे चमचे गवती चहाचा पाक, दीड चमचा लिंबाचा रस, कोरा चहा, चिमूटभर सैंधव, हे हलवून घ्यायचं. मग पंधरा मिनिटं भिजवलेला सब्जा एक चमचा. मग बर्फ, अगदी काठोकाठ, इथे कंजूषपणा नको, बर्फ कमी असला की तो लवकर वितळतो आणि सगळं पाणचट होतं. त्यावर चार चमचे गार सोडा. आणि सगळ्यात शेवटी गार केलेलं निळं पाणी, चमच्याची पाठ बर्फाला टेकवून त्यावरून हळू ओतायचं. पाक जड असल्यामुळे तो खाली राहतो, निळं वर तरंगतं, आणि दोघांच्या मधे, बर्फाच्या फटींतून, एकेक निळा धागा खाली उतरतो आणि उतरता उतरता जांभळा होतो. ओतल्यावर मी नेहमी पाच सेकंद तशीच उभी राहते ते बघत. मग लिंबाची साल, आणि पुदिना असेल तर एक डहाळी तळहातावर टाळी वाजवल्यासारखी आपटून, म्हणजे वास सुटतो. ढवळायचं ज्याने त्याने.

दादाच्या ग्लासात पाक एकच चमचा आणि चहा जरा जास्त, पोरांच्या ग्लासात चहा नाही आणि पाक जास्त.

वहिनींच्या भाचीसाठी मात्र वेगळं केलं होतं. तिला सातवा लागला होता, आणि गरोदरपणात गोकर्ण घेऊ नये असं म्हणतात, मग उगीच कशाला. तिच्यासाठी मोगऱ्याचं पाणी. आणि मोगऱ्याची गंमत गोकर्णाच्या बरोबर उलटी आहे, त्याला गरम पाणी अजिबात चालत नाही, वास मरतो आणि शिजलेल्या पालेभाजीसारखं काहीतरी उरतं. संध्याकाळी चार-पाचला टपोऱ्या पण न उमललेल्या कळ्या काढायच्या, वीस-पंचवीस, हलक्या हाताने धुऊन काचेच्या बरणीत गार प्यायच्या पाण्यावर सोडायच्या आणि झाकण लावायचं. मोगरा रात्री उमलतो, वास तेव्हाच सोडतो, तो सगळा पाण्यात. सकाळी उठल्या उठल्या फुलं काढून टाकायची, राहिली तर तपकिरी पडतात आणि पाणी कडवट होतं. चीनमध्ये फूचौकडे जो मोगऱ्याचा चहा करतात त्यातही हेच, संध्याकाळच्या कळ्या चहाच्या पत्तीत मिसळतात, रात्रभरात उमलल्या की काढून टाकतात, आणि चांगल्या प्रतीच्या चहाला हे कितीदा तरी करतात. आणि लांब कशाला जायचं, आजी माठात वाळ्याची जुडी आणि दोन मोगऱ्याची फुलं टाकायची ते तरी काय होतं. भाचीच्या ग्लासात मोगऱ्याचं पाणी, थोडी खडीसाखर, लिंबाचे चार थेंब, सब्जा. तिने झाकण उघडून नुसता वासच दोन मिनिटं घेतला.

तर माझ्यापुरता नियम असा झालाय, रंगाचं फूल गरम पाण्यात, वासाचं फूल गार पाण्यात. जास्वंद रंगाची, म्हणून गरम. पाच पाकळ्यांची लाल गावठी घ्या, मधला दांडा आणि खालचा हिरवा भाग काढून नुसत्या पाकळ्या. पाणी आधी काळपट जांभळं दिसतं, घाबरू नका, लिंबू पिळलं की लालचुटूक होतं. थोडी बुळबुळीत असते म्हणून पाच मिनिटांच्या वर ठेवत नाही. विदर्भातून कुणी येणार असेल तर मी अंबाडीची वाळलेली लाल बोंडं मागवते, ती स्वतःच आंबट आणि तुरट, मग ना लिंबू ना कोरा चहा. इजिप्तमध्ये त्याच बोंडांचा करकदे करतात आणि सेनेगलमध्ये बिसाप.

एक मात्र हात जोडून सांगते, हारवाल्याकडची फुलं यासाठी वापरू नका. ती खायला म्हणून वाढवलेली नसतात, फवारणी असते, आणि तो लांब दांड्याचा गुलाब तर नुसता दिसायला, त्याला वासच नसतो. घरची किंवा ओळखीच्या बागेतली घ्या. आणि ओळख पटल्याशिवाय कुठलंच फूल पाण्यात टाकू नका. कण्हेर, बिट्टी, रुई, धोत्रा ही आपल्या आसपास, देवळाच्या आवारातही सर्रास असतात आणि विषारी असतात. गोकर्णाच्याही फक्त पाकळ्या घ्यायच्या, बिया आणि मुळं रेचक असतात.

मे महिन्यात सगळे जमले होते तेव्हा गच्चीवर हे केलं. अकरा ग्लास. वाईन पण होती, ज्यांना हवी त्यांनी घेतली, पण माझ्या दिरांनी एक वाईन झाल्यावर विचारलं की ते निळं उरलंय का, आणि मग दादाने उठून स्वतः त्यांना करून दिला. चमचा उलटा धरून, हळूहळू, मी ओतते तसाच. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, बोलल्या काही नाहीत, नुसता माझा हात दाबला.

डोंबिवलीला गेल्यावर दादाने नर्सरीतून गोकर्णाचं रोप आणलं, गॅलरीच्या ग्रिलवर चढवलं, रोज फोटो यायचे, आज एवढी पानं, आज कळी. परवा पहिलं फूल आलं आणि ते निघालं पांढरं. पांढऱ्या गोकर्णाला रंग कुठून येणार. माझ्या वेलावर आता शेंगा वाळायला लागल्यात, तडकायच्या आत काढून पाकिटात भरून ठेवतेय, राखीला तो आला की त्याच्याबरोबर देईन.