आकडा खरा कशावरून?

अवकाशातल्या विद्युतक्षेत्राच्या मोजमापांवर काम करते म्हटलं की हमखास विचारलं जातं, "तिथे कोण बघायला गेलंय? आकडा खरा कशावरून?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, प्रश्न अगदी रास्त आहे.

खरी अडचण यानाचीच असते. ऊन पडलं की त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि यान धनभारित होतं, भोवतीचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, विरळ असेल तर दहा व्होल्टच्या काही पटींपर्यंत. मोजायचं क्षेत्र मात्र मीटरमागे मिलीव्होल्टच्या आसपास! म्हणून २००० साली गेलेल्या युरोपच्या क्लस्टर यानांवर संवेदक दूर नेले. प्रत्येक यानाला ४४ मीटरच्या चार तारा, टोकाला लहानसा गोल. तारांना आधाराचा दांडा नव्हता. यान चार सेकंदांत एक गिरकी घ्यायचं, तिनेच त्या ताणलेल्या राहायच्या. समोरासमोरच्या गोलांमधला व्होल्टेजचा फरक घ्यायचा, ८८ मीटरने भागायचा.

क्लस्टरवर दुसरीही पद्धत होती. इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. चुंबकीय क्षेत्रात काही किलोमीटरचं वर्तुळ घेऊन तो परत येतो, आणि तो किती सरकला यावरून विद्युतक्षेत्र कळतं. एवढ्या मोठ्या फेरीत यानाचा भार फारसा आड येत नाही.

ध्रुवांच्या वर, दूरवर, दोन्ही उत्तरं जुळेनात. तिथे पृथ्वीच्या आयनावरणातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, निघालेले थंड, म्हणजे कमी ऊर्जेचे, आयन (धनभारित कण) वाहत असतात. पुलाच्या खांबाने पाणी दुभंगावं तसे ते धनभारित यानाला बगल देतात. मागे आयनांविना पोकळी उरते, चपळ इलेक्ट्रॉन तिच्यात शिरतात आणि तारांना खोटं क्षेत्र दिसतं. कणमापकांना हे आयन दिसलेच नव्हते, कारण यानच त्यांना दूर लोटत होतं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी दोन उत्तरांतल्या याच फरकावरून या आयनांचा वेग काढला. २००९ साली त्यांनी मांडलेला हिशेब असा, की सेकंदाला १ वर २६ शून्यं इतक्या प्रमाणात आयन पृथ्वी सोडून जातात, आणि त्यांत थंड आयनच बहुसंख्य. मला या कामाचं फार अप्रूप आहे. चूक म्हणून पुसून टाकता आलं असतं ते त्यांनी मोजलं.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासासाठी २०१५ साली सोडलेल्या नासाच्या एमएमएस यानांवरही दोन्ही पद्धती आहेत. तारा प्रत्येकी ६० मीटरच्या. पण गिरकीच्या अक्षाच्या दिशेने तार ताणली जात नाही, तिथे ताठ दांडेच लागतात आणि टोकापासून टोकापर्यंत जेमतेम ३० मीटर मिळतात. त्या दिशेचा आकडा आला की मी आधी यानाचा भार किती होता ते बघते.